कडीचा राणीछाप

माझ्या लग्नात माहेरून जे सामान आलं त्यात भांडी कमी आणि नाण्यांचे अल्बम जास्त होते. माझे वडील एसटीत कंडक्टर. दिवसभरात एखादं जुनं, वेगळं नाणं हाताला लागलं की ते स्वतःच्या खिशातलं नाणं पिशवीत टाकायचे आणि ते वेगळं नाणं माझ्यासाठी घरी आणायचे. बरोबरीच्या मुली टिकल्या आणि बांगड्या जमवत होत्या तेव्हा मी भोकाचे पैसे जमवत होते. पुढे विम्याच्या ऑफिसात नोकरी लागली, वय वाढलं, स्थळं येत राहिली आणि माझ्या फटकळ तोंडाला घाबरून परतही जात राहिली. शेवटी पस्तिशी उलटल्यावर मी एका बिजवराशी लग्न केलं. त्याची पहिली बायको कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली होती, आणि मागे आठ वर्षांची एक मुलगी होती.

खरं सांगायचं तर मी हो म्हटलं ते त्या मुलीकडे बघून. नवरा चांगलाच आहे. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर, कमी बोलणारा, कष्टाळू. पण त्याला बघून माझ्या काळजात काही हललं नव्हतं. मुलीला बघून हललं. बघायच्या कार्यक्रमाला मी पर्समध्ये एक नाणं नेलं होतं, काही बोलायला सुचलं नाही तर दाखवायला म्हणून. ते मी तिच्यापुढे धरलं, आणि कुणी काही न शिकवता तिने ते कडेने उचललं, दोन बोटांत, मधे अजिबात बोट न लावता. मोठमोठ्या माणसांना हे सांगून कळत नाही. नाण्याच्या तोंडावर अंगठा दाबून ती ‘किती जुनं आहे हो’ म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. ही मात्र नीट धरून उजेडात बघत होती. मला ती मुलगी हवीशी झाली.

तिला मी हवी होते का, हा प्रश्न वेगळा. नाशकात इंदिरानगरच्या फ्लॅटवर राहायला आले तेव्हापासून ती मला काहीच म्हणत नसे. आई नाही, काकू नाही, मावशी नाही. त्रास द्यायची असंही नाही, शहाण्यासारखी वागायची. पण हाक मारावी लागणार नाही अशी वाक्यं तिने शोधून काढली होती. ‘डबा झाला का?’ ‘पाणी कुठंय?’ ‘सही हवी आहे.’ मी दुसऱ्या खोलीत असले तर उठून माझ्यासमोर येऊन उभी राहायची आणि मग बोलायची. एका हाकेसाठी माणूस किती भुकेलेलं असू शकतं ते मला तेव्हा कळलं. मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण रोज वाट पाहायचे.

लग्नानंतरच्या सत्यनारायणाला माझी सासू आली. ती थोरल्या मुलाकडे राहते, लासलगावच्या अलीकडच्या एका खेड्यात. येताना नेहमीप्रमाणे कांद्याची गोणी घेऊन आली. पूजा उरकली, पाहुणे गेले, तशी तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं, कमरेचा बटवा सोडला आणि माझ्या तळहातावर एक नाणं ठेवलं. काळ्या दोऱ्यात ओवलेला राणीछाप रुपया. वर चांदीची जाड कडी डागून बसवलेली.

माझे डोळे चमकले. म्हटलं, सासूने बरोबर ओळखलं सुनेला. राणीछाप माझ्याकडे होते, पण असा नव्हता. मागची बाजू पार गुळगुळीत झाली होती, अक्षर ना आकडा. आणि पुढचा राणीचा चेहरा मात्र नुकता ठोकल्यासारखा. मुकुट, वेणी, नाकाची धार, खालचा जरा पुढे आलेला ओठ. सगळ्या खाचांमध्ये कुंकू आणि तेल भरून काळं झालेलं.

“कुठं मिळाला हा?” मी विचारलं.

“मिळाला नाय. ही तुझी सवत हाय,” सासू म्हणाली. “गळ्यात घाल. जेवायच्या आधी हिला घास दाखवायचा, मंग आपण खायचं.”

देवघरातले टाक सगळ्यांना ठाऊक असतात, चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेले देव आणि घरातली गेलेली माणसं. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही चालही मी ऐकून होते. यांच्या घरात कधीकाळी टाक घडवायची ऐपत नव्हती. बाईचा चेहरा आहे ना, मग झालं, म्हणून राणीच्या रुपयाला कडी लावून घेतली होती. चेहरा बाहेरच्या बाजूला ठेवून घालत असत. म्हणून मागची बाजू अंगाला घासून पुसली गेली होती आणि चेहरा तसाच राहिला होता.

“तुमच्याकडे कसा आला?”

“माझ्या गळ्यातच व्हता की. म्हातारा गेला तवा काढला. त्याच्या आधी माझ्या सासूच्या गळ्यात व्हता.”

“म्हणजे तुम्हीही दुसऱ्या? आणि तुमच्या सासूबाईही?”

“आमच्या घरात पहिली टिकत नाय, बाई,” ती अगदी भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली. “दुसरी लय जगते.”

मी हातातल्या नाण्याकडे पाहिलं. एकाच चेहऱ्यात तीन बाया होत्या म्हणायच्या. शेवटचीला तर नीट निरोपही मिळाला नव्हता. दवाखान्यातून ती प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच बाहेर आली, घरच्यांना तोंड बघायला मिळालं नाही. म्हणून बाराव्याला सासूने हा रुपया तिच्या फोटोपुढे ठेवून ‘तिला हिच्यात बसवली’ होती. हे सगळं ऐकल्यावर मला आधी हसू आलं, मग संताप आला. मी लग्न करून आले होते, कुणाचा भार गळ्यात मिरवायला नव्हते आले. तसं मी बोलले. सासू भांडली नाही. एवढंच म्हणाली, “टाकू नको म्हंजे झालं.”

“टाकत नाही. चांगला जपून ठेवते,” मी म्हणाले. आणि माझ्या परीने मी तेच केलं. नाणी मी जशी ठेवते तसाच तो ठेवला.

त्याची एक पद्धत आहे. चौकोनी पुठ्ठ्याचा होल्डर असतो, दुमडायचा, मधे गोल खिडकी, खिडकीला पारदर्शक पडदा. नाणं कडेने धरून मधे ठेवायचं, पुठ्ठा मिटायचा, चारी बाजूंनी स्टेपलर मारायचा. मग पक्कडीने पिना दाबून सपाट करायच्या, नाहीतर शेजारच्या नाण्यांना ओरखडे पडतात. नाणं धुवायचं नाही, पुसायचं नाही, चिंच तर अजिबात लावायची नाही, कितीही काळं असलं तरी. त्यामुळे कुंकू आणि तेल होतं तसंच राहू दिलं. दोरा काढला. कडी बसेना म्हणून पुठ्ठ्याला ब्लेडने खाच पाडली. आणि तो होल्डर अल्बमच्या पानात इतर राणीछापांच्या रांगेत सरकवला. माझ्या दृष्टीने ते कडीमुळे खराब झालेलं नाणं होतं, तरी मजेशीर होतं.

मुलीला अल्बम बघायला आवडायचे. शाळेतून आली की जेवणाआधी एखादा काढून मांडीवर घ्यायची. आमच्या दोघींच्यात तेवढंच एक नातं होतं, मी नाण्यांबद्दल सांगायची आणि ती ऐकायची. मग माझ्या लक्षात आलं की ती रोज तोच अल्बम काढते आणि तेच पान. एकदा तिचं ताट वाढून मी आत पापड भाजत होते. बाहेर आले तर अल्बम जमिनीवर उघडा, आणि त्या पानापुढे बशीत चार शितं.

“हे काय?”

“आजीने सांगितलं. आधी तिला.”

“कुणाला?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच मूर्ख. “आईला,” ती म्हणाली.

त्या दिवशी मी सासूला फोनवर वाटेल ते बोलले. लहान मुलीच्या डोक्यात काय भरवता म्हणून. सासूने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तू घातली का गळ्यात?” मी फोन ठेवून दिला. पण बशी काही थांबली नाही. मी रागावले की पोर ताटावरून उठून जायची, आणि उपाशी मुलीपुढे माझा राग टिकत नसे. शेवटी मीच तिला बशी द्यायला लागले. पोट तर भरेल, असा विचार केला.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. ती अल्बम घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “ओलं झालंय,” म्हणाली. बघितलं तर त्या खिडकीच्या पडद्यावर धुकं धरलं होतं. मी बोटाने पुसलं, जाईना. ते आतून होतं. बाकी सगळी नाणी कोरडी ठणठणीत, त्याच पानातली, अगदी शेजारची सुद्धा.

मी घाबरले नाही. नाणी जमवणाऱ्याला हे प्रकार माहीत असतात. स्वस्तातलं प्लास्टिक घाम सोडतं, त्याने नाण्यावर हिरवट चिकटा धरतो आणि नाणं वाया जातं. शिवाय या रुपयावर पिढ्यांचं तेल, गंध आणि पाणी. ओल धरणारच. मी पिना उपसल्या, नाणं काढलं, दिवसभर उन्हात ठेवलं. मग बरणीसारखी घट्ट मिटणारी प्लास्टिकची गोल डबी येते, कॅप्सूल म्हणतात तिला, ती मागवली. कडीसाठी मोठ्या मापाची घेतली. आत ओल शोषणारी पुडी ठेवली, झाकण दाबलं. हवा आत जायची नाही आणि बाहेर यायची नाही. ती कॅप्सूल मी शोकेसमध्ये छोट्या स्टँडवर उभी केली, सगळ्यांना दिसेल अशी. पानापुढे बशी नको, हाही त्यात हेतू होता.

मुलगी काचेला नाक लावून बघत राहिली. “तिला श्वास कसा येणार?” तिने विचारलं. मी म्हटलं, “अगं, नाणं आहे ते.”

मोठ्या मापाच्या कॅप्सूलमध्ये नाणं सैल असतं. उभं ठेवलं की जड बाजू खाली येते, म्हणजे कडी खाली जाऊन राणी उलटी व्हायला हवी होती. मी शोकेस पुसताना मुद्दाम ती हलवून ठेवायचे. ऑफिसातून परत आले की कडी वर, चेहरा सरळ. मुलीला विचारलं, ती म्हणाली मी हात लावत नाही. ती खोटं बोलणारी नव्हती. मी त्या गोष्टीवर फार विचार करायचा नाही असं ठरवलं आणि शोकेस पुसायचं काम नवऱ्याकडे दिलं. तो ते नाणं सोडून बाकी सगळं पुसायचा.

मग मुलीचा दम सुरू झाला. आधी साधा खोकला, नंतर छातीत घरघर, नंतर बोलताना वाक्य तुटायला लागलं. डॉक्टर म्हणाले, थंडी आणि धूळ, ॲलर्जीचा दमा, या दिवसांत नाशकात बऱ्याच मुलांना होतो. पंप दिला. पंपाने थोडा वेळ बरं वाटायचं, पुन्हा तेच. मी रजा काढून घरी बसले. तिच्या बरगड्या आत ओढल्या जाताना बघून माझा जीव गोळा व्हायचा. आणि कॅप्सूलमध्ये पुन्हा धुकं आलं होतं. आत पुडी होती, तरी आलं.

“तिचा मास्क पण असाच व्हायचा,” मुलगी एकदा शोकेसकडे बघत म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, काही नव्हतं. “व्हिडिओ कॉलवर. आतून पांढरा व्हायचा, मग जायचा. मग पुन्हा व्हायचा. शेवटी मग नाहीच झाला.”

नवरा तिथेच खुर्चीत होता. तो उठला आणि बाथरूममध्ये गेला. नळ बराच वेळ चालू होता.

त्याच आठवड्यात सासूचा फोन आला. नातीच्या दम्याचं तिला मुलाने सांगितलं असणार. ती म्हणाली, “तू तिला कोंडली. एकदा पिलास्टिकमधी कोंडलेली बाई, तू तिला परत कोंडली.” मी फोन ठेवला आणि मुलीला पंप द्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीला हॉलमधल्या दिवाणावर झोप लागली होती. बाहेर चांगलं ऊन होतं, खाली भाजीवाला ओरडत होता, कुणाच्या तरी गच्चीत गाद्या आपटत होते. मी तिच्या पायाशी बसून तिचा श्वास ऐकत होते. आत घेताना शिटी वाजायची, बाहेर सोडताना घरघर. सहज माझी नजर समोर शोकेसकडे गेली. कॅप्सूल पांढरी झाली होती, राणी दिसत नव्हती. मग पांढरं ओसरलं, आधी मुकुट दिसला, मग नाक, मग ओठ. मग पुन्हा ओठापासून धुकं पसरत वर चढलं. आत शिटी वाजली की ओसरायचं, घरघर झाली की पसरायचं. दोघी एकाच लयीत श्वास घेत होत्या. मी माझा स्वतःचा श्वास रोखून धरला होता हे मला छाती दुखायला लागल्यावर कळलं.

मग मुलीचा श्वास मधेच अडकला. कॅप्सूल पांढरी होती ती पांढरीच राहिली.

मी पंप तिच्या तोंडाला लावला, दाबला, पुन्हा दाबला. तिने डोळे उघडले आणि शोकेसकडे हात केला. मी धावले. कॅप्सूलच्या कडेत नखं घालून ओढलं, नखं तुटली, ती उघडेना. कधी उघडू नये म्हणूनच मी ती घेतली होती. शेवटी ज्या पक्कडीने मी आयुष्यभर पिना सपाट केल्या त्याच पक्कडीत धरून ती फोडली. तुकडे खोलीभर उडाले. नाणं माझ्या हातात आलं तेव्हा ते गरम होतं, ताप आलेल्या कपाळाएवढं गरम. मागे मुलीने लांब, सलग श्वास घेतला.

पंप तोवर लागू झाला असेल. डॉक्टर तेच म्हणतील आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. पण त्या दुपारी मी डॉक्टरांचा विचार करत नव्हते. मी सुईदोऱ्याच्या डब्यातून काळा दोरा काढला, कडीतून ओवला आणि गळ्यात बांधला, मंगळसूत्राच्या वर, चेहरा बाहेर ठेवून. मला भीती वाटत होती आणि माझा अपमानही झाला होता, हे दोन्ही खरं आहे. पण मुलगी उठून बसली होती आणि तिच्या ओठांचा रंग परत आला होता. त्यापुढे मी काय काय गळ्यात घातलं असतं याला सीमा नव्हती.

संध्याकाळी नवरा घरी आला. त्याने माझ्या गळ्याकडे पाहिलं, चप्पल काढायची राहून गेली, तसाच उभा राहिला. जेवताना मी पहिला घास नाण्याला दाखवला तेव्हा त्याने मान खाली घातली.

मुलीचा दम हळूहळू गेला. थंडी सरली, औषधही चालूच होतं. सासूला मी फोन करून सांगितलं की घातलं. ती “बरं” म्हणाली आणि कांदे पाठवू का विचारलं. शोकेसमध्ये माझी बाकीची नाणी आहेत, होल्डरमध्ये, कोरडी, शहाणी. आता ती बघायला मुलगी येत नाही.

हाक मात्र आली. होळीच्या सुमारास, शाळेतून आल्या आल्या, दप्तर टाकायच्या आधी. “आई, भूक लागली.” मी कट्ट्याकडे तोंड करून उभी होते. पाठीत वीज गेल्यासारखी मी वळले. ज्या एका शब्दासाठी मी मनातल्या मनात झुरत होते तो इतका सहज आला होता. मी “ओ” दिली आणि तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती, तोंडभरून, माझ्याकडे बघून असं ती कधी हसली नव्हती. पण तिची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. जरा खाली होती, गळ्याच्या खळगीशी.

तेव्हापासून रोज हाक येते आणि रोज मी ओ देते. ती शाळेतलं सगळं सांगते, मैत्रिणीशी भांडले, गणितात पैकीच्या पैकी, उद्या पाण्याची बाटली नवीन हवी. कुशीत शिरून झोपते, गाल बरोबर नाण्यावर टेकवून. तिच्या केसांतून हात फिरवताना मी सुखात असते, खोटं कशाला सांगू. इतकं सुख मला कधी मिळालं नव्हतं. आपल्याला कुणाच्या वाट्याचं मिळतंय हे अशा वेळी माणूस विचारत नाही.

आता पुन्हा थंडी पडायला लागली आहे. काल संध्याकाळी मी गॅसपाशी होते. तोंडात लवंग होती, दाढ दुखत होती म्हणून. ती दारातून डोकावली. “आई, खाली खेळायला जाऊ?” मी लवंग गालात सरकवून उत्तर द्यायला वळले. तिने माझ्या गळ्याकडे बघत क्षणभर ऐकलं, मान डोलावली, “बरं, स्वेटर घालते,” म्हणाली आणि पळाली.

मी तोवर तोंड उघडलंच नव्हतं.